तुमची निवडणूक झाली, आमच्या मुलांची कधी? विद्यार्थी चळवळीतून पुढं आलेल्या नेत्यांना खुलं पत्र

सन्माननीय नेतेहो,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एकाचं भाषण मी गेल्या महिन्यात ऐकलं. आमच्या कॉलेजच्या वर्धापनदिनाला ते प्रमुख पाहुणे होते. नाव लिहीत नाही, कारण त्या खुर्चीवर तुमच्यापैकी दुसरं कुणी असतं तरी भाषण तेच झालं असतं. चाळीस मिनिटांतली निम्मी त्यांनी स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांना दिली. वसतिगृहाची खोली, रात्रभर रंगवलेल्या भिंती, खळीच्या डब्यासकट पोलिसांनी उचललं तो किस्सा आणि थोडक्यात हुकलेली जी.एस.ची, म्हणजे कॉलेजच्या सरचिटणिसाची, निवडणूक. त्या एका पराभवानं मला घडवलं, असं ते म्हणाले आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू, भाषण छानच झालं.

मग प्रश्नोत्तरं सुरू झाली. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा मागच्या रांगेतून उठला आणि माइक त्याच्यापर्यंत पोचायच्या आतच मोठ्यांदा म्हणाला, "सर, आमच्या कॉलेजच्या निवडणुका कधी होणार?" पाहुणे हसले. "चांगला प्रश्न आहे बाळा, वर बोलतो," म्हणाले आणि पुढचा प्रश्न घेतला.

तेव्हापासून मला एक कोडं पडलंय. ज्यांची गाडी आदळू नये म्हणून आम्ही गेटासमोरचा गतिरोधक रातोरात उखडला, त्यांच्याही वर कोण असतं?

हे पत्र कुठल्या एका पक्षाला नाही. तुम्ही सगळ्या पक्षांत आहात. सरकारात आहात, विरोधात आहात, काही जण आलटूनपालटून दोन्हीकडं राहून आलात. तुमच्यात साम्य एवढंच की कधीतरी एका वर्गानं, एका वसतिगृहानं, एका कॉलेजानं तुमच्या नावापुढं फुली मारली आणि तिथून तुम्ही चालायला लागलात.

माझंही थोडं सांगते, म्हणजे ही बाई मध्येच कुठून बोलायला लागली असं व्हायला नको. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शिकले आणि गेली बरीच वर्षं तशाच दुसऱ्या गावी शिकवते. १९८७ साली बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सी.आर.साठी, म्हणजे वर्ग प्रतिनिधीसाठी, उभी राहिले. चपलांच्या खोक्याला ब्लेडनं चीर पाडून मतपेटी केली होती. सरांनी फळ्यावर दोन नावं लिहिली आणि एकेक चिठ्ठी उघडत खडूनं काड्या मारत गेले. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. माझ्या नावापुढं ३४ झाल्या, समोरच्याच्या २७. निकाल लागल्यावर तो मुलगा माझ्याशी आठ दिवस बोलला नाही आणि नवव्या दिवशी स्वतःहून आला. एस.टी.चं काय ते बघ, म्हणाला.

एस.टी.चं असं होतं की आमच्या बाजूच्या सहा-सात गावांना जाणारी शेवटची गाडी चारला सुटायची आणि कॉलेज सुटायचं पावणेपाचला. पोरी शेवटचे दोन तास सोडून पळायच्या, नाहीतर घरचे कॉलेजच सोडायला लावायचे. आम्ही पाच जणं डेपोत गेलो. आगार व्यवस्थापकांनी पहिल्यांदा उभंही केलं नाही. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "सी.आर. आहे. निवडून आलेय." त्यांनी समोरची खुर्ची सरकवली. दिवाळीनंतर गाडी पाच दहाची झाली.

मी पुढं राजकारणात गेले नाही, पण ती सरकवलेली खुर्ची विसरले नाही. आजही आमच्या मुलींचा एस.टी.चा प्रश्न आहेच, फक्त तो घेऊन डेपोत जाणारं कुणी नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रडके चेहरे पाठवतात आणि खासगी जीपमध्ये कोंबून बसून घरी जातात.

तुमच्या पिढीचा इतिहास मी वर्गात शिकवते आणि अभिमानानं शिकवते. डिसेंबर १९७३ मध्ये अहमदाबादच्या एल. डी. इंजिनिअरिंग कॉलेजात वसतिगृहाच्या मेसचं बिल वाढलं म्हणून पोरं बिथरली आणि ९ फेब्रुवारी १९७४ ला गुजरातच्या मुख्यमंत्र्यांना, चिमणभाई पटेलांना, राजीनामा द्यावा लागला. त्याच सुमारास पाटणा विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते लालूप्रसाद, सरचिटणीस होते सुशीलकुमार मोदी आणि त्याच कार्यकारिणीत होते रविशंकर प्रसाद. एका कार्यकारिणीतून एक मुख्यमंत्री आणि रेल्वेमंत्री, एक उपमुख्यमंत्री आणि एक केंद्रीय कायदामंत्री! अरुण जेटली १९७४ साली दिल्ली विद्यापीठ विद्यार्थी संघाचे अध्यक्ष होते, तिथून आणीबाणीत १९ महिने तुरुंगात. आसामात प्रफुल्लकुमार महंत विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष म्हणून केंद्राबरोबरच्या आसाम करारावर सही करतात आणि त्याच वर्षीच्या, १९८५ च्या, डिसेंबरात मुख्यमंत्री होतात.

आणि तो १९७७ चा फोटो. जे.एन.यू.चे विद्यार्थी इंदिरा गांधींच्या घरासमोर, सीताराम येचुरी हातातला कागद वाचतायत आणि बाई शेजारी उभ्या राहून ऐकतायत. त्या कागदावर लिहिलंय की तुम्ही आमच्या विद्यापीठाच्या कुलपतिपदाचा राजीनामा द्या. हा फोटो दाखवला की वर्ग गप्प होतो. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "मॅडम, त्यांना कुणी बोलू दिलं?" मी म्हटलं, "निवडून आलेले होते ना." ती म्हणाली, "म्हणजे काय?" तिला खरंच कळलं नव्हतं. निवडून आलेला विद्यार्थी ही वस्तूच तिनं पाहिलेली नाही.

आपल्याकडची यादी काही लहान नाही. शरद पवारांची सुरुवात पुण्यात बी.एम.सी.सी. या कॉमर्स कॉलेजच्या विद्यार्थी राजकारणातून झाली. अंबाजोगाईच्या कॉलेजच्या दिवसांत प्रमोद महाजन आणि गोपीनाथ मुंडे यांची जोडी जमली. नितीन गडकरी आणि देवेंद्र फडणवीस अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या कामातून आले. फडणवीस तर १९९७ साली २७ व्या वर्षी नागपूरचे महापौर होते. रामदास आठवले दलित पँथरमधून, वसतिगृहातल्या पोरांमधून, नामांतराच्या लढ्यातून आले. यातल्या कुणाचं राजकारण मला पटतं, कुणाचं नाही. पण त्यांतल्या बहुतेकांच्या वडिलांना मंत्रालयाचा मजला माहीत नव्हता, आणि तरी हे लोक वर गेले. हे मी पोरांना दर वर्षी सांगते. अलीकडं सांगताना जीभ जरा अडखळते.

आता तक्रारी.

पहिली, आणि माझ्या दृष्टीनं मुळातली. २८ मार्च १९८९ पासून या देशात अठराव्या वर्षी मत देता येतं. बरोबर पाच वर्षांनी, १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्यानं, आमच्या मुलांचं कॉलेजातलं मत गेलं. वर्गात आदल्या वर्षी ज्याला जास्त गुण, त्याला प्राचार्यांनी वर्ग प्रतिनिधी नेमायचं. खासदार निवडायची अक्कल आहे, वर्ग प्रतिनिधी निवडायची नाही.

ही नेमणूक कशी होते ते मी जवळून पाहिलंय, कारण आमच्याकडं तो कागद बरीच वर्षं मीच तयार केला. जुलै-ऑगस्टात कार्यालयातून गुणांची यादी येते. मी पहिल्या नावाखाली पेन्सिलनं रेघ मारते. त्या मुलीला बोलावते. ती घाबरून विचारते, "मॅडम, माझं काही चुकलं का?" मी सांगते, तू सी.आर. झालीस. ती म्हणते, "मला नको, मला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास आहे." मी म्हणते, फक्त सही कर, काही काम नसतं. ती सही करते. बघा, लोकशाहीचं पहिलं वाक्य मी तिला काय शिकवलं! आणि वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी बाटलीत भरून माझ्या टेबलावर आणून ठेवणारा पोरगा, ज्याच्यामागं अख्खा वर्ग उभा राहिला असता, तो या यादीत तेविसाव्या नंबरावर असतो.

दुसरी तक्रार कायदा करून न पाळण्याची. २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ९९ मध्ये चक्क लिहिलंय की कॉलेजच्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि एक मागासवर्गीय प्रतिनिधी कॉलेजातल्या सगळ्या विद्यार्थ्यांनी मतदान करून निवडायचे. आम्ही शिक्षकांनी तेव्हा पेढे वाटले होते. मग पहिली काही वर्षं 'यंदा जुन्याच पद्धतीनं'. २०१९ साली गोष्ट वेळापत्रकापर्यंत आली, तर विधानसभेची निवडणूक तोंडावर आली म्हणून थांबली. मग कोविड. तो गेल्यावर काही नाही. कायदा झाल्यापासून मी शिकवते त्या कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी एकदाही मतपेटी ठेवली गेलेली नाही. या काळात तुमच्यातले सगळे मोठे पक्ष एकदा तरी सत्तेवर बसून गेले. त्यामुळं एकमेकांकडं बोट दाखवण्याची सोय या विषयात तुम्हाला नाही.

गंमत बघा, शिकून बाहेर पडलेल्या पदवीधरांना मात्र विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) दहा जागा निवडायला मिळतात. त्याही सुखासुखी नाही. मुंबई विद्यापीठात ती निवडणूक लांबत लांबत शेवटी उच्च न्यायालयात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. म्हणजे विद्यापीठ सोडून गेलेल्याला मत आणि रोज वर्गात बसणाऱ्याला नाही.

तिसरी तक्रार घराण्यांची आहे आणि ती लिहिताना मला संकोच वाटतो, कारण तुमची मुलं माझ्या विद्यार्थ्यांच्याच वयाची आहेत. कॉलेजच्या निवडणुका बंद झाल्या म्हणून काही नवे नेते यायचे थांबले नाहीत, फक्त ते तुमच्या घरातून यायला लागले. आमच्या तालुक्यात तिशीच्या आतला कुठलाही पदाधिकारी घ्या. त्याचं आडनाव सांगितलं की पुढं काही विचारावं लागत नाही. बाकीची पोरं फ्लेक्सच्या खालच्या रांगेत, पोस्टाच्या तिकिटाएवढ्या फोटोत. वाढदिवसाला तलवारीनं केक कापायचा, गाडीमागं गाडी लावायची, दहीहंडीला टी-शर्ट वाटायचे. तीही पोरं हुशार असतात हो. त्यांना मोर्चाचं निवेदन लिहायला, विरोधकाशी बोलायला, हरून घरी जायला कुणी शिकवलेलं नसतं, एवढंच.

लाल किल्ल्यावरून १५ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान म्हणाले की घरात राजकारण नसलेले एक लाख तरुण राजकारणात यावेत. मला ते मनापासून आवडलं. मग यायचं कुठल्या दारानं? कॉलेजच्या दाराला तुम्ही आत गेल्यावर आतून कडी लावलीत. दुसरं दार नगरपालिका-महापालिकेचं. तिथं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मग वर्षानुवर्षं प्रशासकच होता. शिवाय २०२३ साली महिलांना लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती तुम्ही जवळजवळ एकमतानं केलीत. उद्या त्या जागा आल्या की तुम्ही पुन्हा बायको, सून, मुलगी यांनाच उभं करणार आणि वर म्हणणार की योग्य महिला उमेदवार मिळत नाहीत. मिळतील कशा? माझ्या वर्गात त्या बसल्यात, पण त्यांनी आजवर एकदाही कुणाकडं मत मागितलेलं नाही.

निवडणुका आल्या की हिंसा येते, ही तुमची बाजू मला ठाऊक आहे. १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. त्याच्या आईबापांसमोर उभं राहून कुठल्याही निवडणुकीचं समर्थन करायची माझी हिंमत नाही. आमच्या कॉलेजातही १९८८ ला हॉकी स्टिका निघाल्या होत्या. यू.आर., म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी, पळवायचे ते वेगळंच. विद्यापीठाच्या निवडणुकीआधी मतदार पोरांना गाडीत घालून महाबळेश्वर नाहीतर गोव्याला न्यायचे, चार दिवस खाऊपिऊ घालायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट केंद्रावर आणून सोडायचे. आमच्या गावात त्याला 'सहल' म्हणायचे. हे वाईटच होतं. पण २०२२ च्या जूनमध्ये टीव्हीवर आमदारांचं विमान सुरतेहून गुवाहाटीला जाताना पाहिलं तेव्हा स्टाफरूममध्ये आम्ही जुनी माणसं एकमेकांकडं बघून हसलो. सहल बंद झाली नव्हती तर! फक्त विद्यार्थी वगळले होते. त्या सहलीनंतर विधानसभेच्या निवडणुका बंद करा असं तुमच्यापैकी कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

उपाय नाहीत असंही नाही. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्येच लागू करायला सांगितल्यात. उमेदवाराचा खर्च ५ हजार रुपयांच्या आत, छापील पोस्टरं नाहीत, हातानं लिहिलेलीच चालतील, हजेरी ७५ टक्के, पदासाठी एकदाच संधी, सगळी प्रक्रिया दहा दिवसांत उरकायची. हे काटेकोर पाळलं जातं असं मी म्हणत नाही. २०२४ मध्ये दिल्ली विद्यापीठात पोरांनी शहरभर भिंती विद्रूप केल्या. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं निवडणूक रद्द केली नाही, मतमोजणी अडवून धरली. भिंती साफ करा, मग मोजू. सप्टेंबरात झालेल्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. मला न्यायालयाचा हा निर्णय फार आवडला, कारण आईबाप असेच वागतात. पोरानं भिंत रंगवली तर त्याच्या हातात फडकं देतात, घरातून हाकलत नाहीत.

आणि ज्या पाटण्याचं मी वर कौतुक केलं, तिथंही १९८४ नंतर विद्यार्थी संघाची निवडणूक थेट २०१२ साली झाली. मधली २८ वर्षं. त्यांतली बरीचशी त्याच चळवळीतून आलेल्या मुख्यमंत्र्यांची. म्हणजे ही खोड एका राज्याची किंवा एका पक्षाची नाही. विद्यार्थी किती त्रास देऊ शकतात हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण तो तुम्ही स्वतः दिलेला आहे. माझा संशय असा की अडचण नेमकी तीच आहे. चुकत असेन तर सांगा, मी जाहीर माफी मागेन.

मागण्या थोड्याच आहेत.

येत्या शैक्षणिक वर्षात कलम ९९ प्रमाणे प्रत्यक्ष मतदानानं निवडणूक घ्या आणि तिची तारीख जूनमध्येच विद्यापीठाच्या शैक्षणिक वेळापत्रकात छापा, जशी परीक्षेची छापता. दुसऱ्या कुठल्याही निवडणुकीसाठी ती पुढं ढकलली जाणार नाही, हेही तिथंच लिहा.

लिंगडोहच्या अटी लावा आणि तक्रारी ऐकायला विद्यापीठाबाहेरच्या निवृत्त न्यायाधीशाला बसवा. प्राचार्यांवर ते ओझं टाकू नका, कारण संस्थाचालक कोण आहेत ते तुम्हाला आमच्याहून चांगलं माहीत आहे. बऱ्याच ठिकाणी ते तुम्हीच आहात.

मतदानाच्या त्या दहा दिवसांत तुमचे नगरसेवक, तुमच्या गाड्या आणि तुमची पाकिटं गेटाबाहेर ठेवा. विद्यार्थी संघटना येऊ देत, त्यांना विचार असू देत, भांडू देत. पैसा तेवढा नको.

तुमच्यापैकी जे आज विधानसभेत किंवा संसदेत आहेत, त्यांनी येत्या अधिवेशनात एकदा उभं राहून आपण कुठल्या कॉलेजात, कुठल्या साली, कुठल्या पदासाठी उभे होतो हे सांगावं आणि त्याच कॉलेजात शेवटची निवडणूक कधी झाली हेही सांगावं. भाषण नको, दोन साल पुरेत.

आणि हे काहीच जमणार नसेल, तर निदान आम्ही नेमलेल्या मुलांना 'प्रतिनिधी' म्हणणं थांबवा. 'नेमलेला विद्यार्थी' म्हणा. निदान नाव तरी खरं असेल.

एक राहिलं. २०१९ मध्ये निवडणूक होणार म्हणून आमच्या कॉलेजनं दोन मतपेट्या आणल्या होत्या. पत्र्याच्या, हिरव्या रंगाच्या, दोन-दोन कुलपांच्या. एक माझ्या विभागातल्या कपाटावर आहे. दुसरी गेल्या संक्रांतीला महिला कर्मचाऱ्यांच्या हळदीकुंकवात लकी ड्रॉच्या चिठ्ठ्यांसाठी नेली होती. तीही परत आणून ठेवलीय, आत तिळगुळाचा कागद चिकटलाय तो काढायचा आहे. चारही किल्ल्या माझ्या खणात आहेत. माझी सेवानिवृत्ती दोन वर्षांवर आली आहे आणि त्याआधी त्या कुणाकडं तरी द्याव्या लागतील. चार्ज देताना वस्तूंच्या यादीत त्या पेट्यांपुढं 'वापरात' लिहायचं की 'निर्लेखनास योग्य', तेवढं कळवा.

आपली,
तालुक्याच्या एका कॉलेजातली राज्यशास्त्राची प्राध्यापिका
(सी.आर., बी.ए. द्वितीय वर्ष, १९८७)